अलास्काची जलयात्रा व वखारीचा मगदूर

अलास्कातील हिमनद पाहण्यास आम्ही एका प्रचंड आधुनिक आगबोटीतून गेलो. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजनाचा आमचा नेम बिनबोभाट पार पडला! जुनो हे राजधानीचे गाव. वस्ती सुमारे ३२,०००, बाहेरून एकही रस्ता येत नाही. २०२४ पासून तेथे दिवसास पाचच मोठ्या बोटींना मुभा आहे. ग्लेशियर बे उद्यानात तर दोनच. सोबतचे एक व्यापारी बंधू म्हणाले, "आलेले गिऱ्हाईक परतविणे हा कसला धंदा?" आम्हांस हे पटत नाही. वखारीच्या मगदुराबाहेर पोती रचली की तळचे धान्य उबते, हे आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. त्या गावाने आपली वखार वेळीच मापली. त्या थप्पीतील एक पोते आम्हीही होतो, हे मात्र कबूल केले पाहिजे.