वॉर्फचं पोरगं नक्की कुणाला नको आहे?

"स्टार ट्रेकमधला वॉर्फ एक नंबर होता, पण त्याच्या गळ्यात ते पोरगं बांधलं आणि सगळी माती झाली." हे वाक्य मी गेली वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय. केबलच्या जमान्यात ऐकलं, सीडीच्या जमान्यात ऐकलं, आता मोबाइलवर बघणारी नवी पोरंही तेच म्हणतात. मँडलोरियनबद्दलही तीच रड. "बाउंटी हंटर होता, त्याचा पार बेबीसिटर केला राव." म्हणजे विज्ञानकथेत यानं हवीत, लढाया हव्यात, परग्रह हवेत, पण घरचं काही नको. घरचं बघायला संध्याकाळी सातनंतर मराठी चॅनेल आहेतच की, असा वर टोमणा.

मित्रांनो, रोज पाणी, खड्डे आणि नगरपालिकेवर लिहितो, आज जरा यावर लिहितो. लांबलंय, पण वाचा. हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. "द नेक्स्ट जनरेशन" ही मालिका अमेरिकेत १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं चालली. तिच्यातला वॉर्फ हा क्लिंगॉन, म्हणजे लढवय्या जमातीचा. कपाळावर हाडाचे उंचवटे, आवाज ढोलासारखा, बोलणं तुटक. भूमिका मायकेल डॉर्नची. वॉर्फ लहान असताना हल्ल्यात आईबाप गेले आणि त्याला वाढवलं रोझेंको नावाच्या माणूस जोडप्यानं. त्यामुळे क्लिंगॉनांची रीत तो बाहेरून शिकला, आणि बाहेरून शिकलेला माणूस घरच्यापेक्षा दुप्पट कडक असतो. आपल्याकडेही बघा, गाव सोडून गेलेला माणूस जत्रेचे नियम गावात राहणाऱ्याला शिकवतो.

तर या वॉर्फला अलेक्झांडर नावाचा मुलगा आहे हे त्याला कळतं १९९० च्या एका भागात. मुलाची आई केलेर त्याला घेऊन येते आणि त्याच भागात तिचा खून होतो. वॉर्फ काय करतो? मारेकऱ्याला शोधून द्वंद्वात ठार करतो. आणि मुलाला? पृथ्वीवर आजी-आजोबांकडे पाठवून देतो.

जरा थांबून बघा. सूड घ्यायला या माणसाला एक तास पुरला. पोरगं सांभाळायला मात्र वेळ नाही.

"माती झाली" म्हणणाऱ्यांना हा भाग आवडतो. तलवार आहे, सूड आहे, कप्तानाची बोलणी आहेत. नाराजी सुरू होते पुढे, १९९२ मध्ये, जेव्हा आजी त्या पोराला परत आणून सोडते. आमचं वय झालं, आता तुझं तू बघ, म्हणते. पोरगं शाळेत खोटं बोलतं, एक खेळणं उचलतं, आणि वॉर्फला बाईंकडून बोलावणं येतं. ज्यानं शत्रूपुढे कधी मान खाली घातली नाही तो वर्गशिक्षिकेपुढे उभा राहून ऐकून घेतो. घरी येऊन पोराला पूर्वजांच्या पराक्रमाची गोष्ट सांगतो, प्रतिष्ठा म्हणजे काय ते सांगतो. पोरगं मान डोलावतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोटं. मग वॉर्फ ठरवतो, याला क्लिंगॉन शाळेत घालू, तिथे शिस्त लागेल.

हे कुठल्या ग्रहावर घडतंय हो? "ऐकत नाही, सैनिकी शाळेत टाका" हे वाक्य मी आमच्या पेठेत महिन्यातून एकदा तरी ऐकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. योद्ध्याची खरी परीक्षा लढाईत होतच नाही. लढाईत त्याला सगळं पाठ असतं. त्याचे सगळे नियम, शौर्य, शब्द, घराण्याचं नाव, हे सगळं ज्याच्यावर चालत नाही असा एकच प्राणी असतो, तो म्हणजे त्याचं स्वतःचं मूल. ते शरण येत नाही आणि त्याला हरवताही येत नाही. योद्ध्याच्या गोष्टीतून मूल काढा, मागे उरते ती निव्वळ मारामारी. ती तर व्हिडिओ गेममध्येही मिळते.

त्याच १९९२ सालचा आणखी एक भाग घ्या. मालवाहू कक्षात अंगावर पिंपं पडून वॉर्फच्या पाठीचा कणा मोडतो, पाय जातात. क्लिंगॉन रीत म्हणते, असा योद्धा जगत नाही, विधी करून जीव द्यायचा. तो मित्राला, रायकरला, मदत मागतो. रायकर चिडतो, पण जमातीची रीत वाचून येतो आणि सांगतो, हे काम मित्राचं नाहीच, ते थोरल्या मुलाचं आहे. आणि वॉर्फची बोलती बंद होते. त्या चिमुरड्याच्या हातात सुरा देणार का? नाही देऊ शकत. इतकी वर्षं ज्या रिवाजाचा तोरा मिरवला तो एका लहान मुलाच्या हाताशी येऊन अडतो. शेवटी धोक्याची शस्त्रक्रिया करून घेतो, जगतो, आणि चालायला शिकताना तोल जातो तेव्हा पोराला बाहेर न हाकलता जवळ राहू देतो. बाप पडताना मुलानं बघितलं तर बापाचं काही जात नाही, एवढं कळायला त्याला पाठीचा कणा मोडून घ्यावा लागला. या भागात एक गोळी सुटत नाही. तरी मला विचाराल तर वॉर्फनं लढलेली सगळ्यात अवघड लढाई हीच.

आता "हे सगळं नाटकी, आपल्याला नको" म्हणणाऱ्या मराठी माणसाला माझा एक प्रश्न. वसंत कानेटकरांचं "रायगडाला जेव्हा जाग येते" १९६२ साली रंगभूमीवर आलं. त्यात काय आहे? खुद्द शिवाजी महाराज आणि संभाजीराजे, बाप-लेकातली ओढाताण. गड जिंकणाऱ्या राजाला घर कसं जड गेलं याचं नाटक. मराठी प्रेक्षकानं ते डोक्यावर घेतलं. "महाराजांच्या गोष्टीत घरचं कशाला, अफजलखान दाखवा" असं कुणी म्हणालं नाही.

आणि महाभारत? भीम आणि घटोत्कच घ्या. हिडिंबेपोटी जन्मलेलं पोर, बाप पुढच्या वाटेला लागलेला. पोर वाढलं आईपाशी रानात. बापाला त्याची गरज लागली तेव्हा बोलावणं गेलं, आणि तो आला, लढला, कर्णाची अमोघ शक्ती अंगावर घेऊन मेला. त्यावर कृष्ण आनंदानं नाचला, कारण अर्जुन वाचला. हजारो वर्षं आपण ही गोष्ट सांगतोय. तिच्यात बाप-लेकाचा धागा नसता तर घटोत्कच नुसता एक मोठा राक्षस राहिला असता.

आता या गोष्टीचा आपल्या गावाशी संबंध काय ते सांगतो. सत्काराचे कार्यक्रम मी बातमीदार म्हणून अनेक वर्षं बघतोय. आपल्या भाषेत शहीद जवानाच्या घरच्यांसाठी शब्द आहेत. वीरमाता, वीरपत्नी, वीरपिता. शाल, श्रीफळ, पुढाऱ्याचं भाषण, फोटो. लेकरालाही स्टेजवर घेतात, बऱ्याचदा लहान मापाचा गणवेश घालून, आणि माइकवर कुणीतरी त्याला विचारतं, "तू पण बाबांसारखा होणार ना?" पोर "हो" म्हणतं. दुसरं काय म्हणणार? हजार माणसं समोर बसलेली असतात. टाळ्या पडतात. त्या पोराला बाप आठवतो का, रात्री झोपतं का, चित्रकार व्हायचंय की इंजिनिअर, हे विचारायला त्या कार्यक्रमात जागा नसते. मला जवानाबद्दल आदर आहे, कुणी उगाच वेडावाकडा अर्थ काढू नये. पण तो प्रश्न लेकराला स्टेजवर विचारणं बंद करा. आणि जिवंत असलेल्यांचं काय? गणपतीच्या बंदोबस्तात दहा-बारा दिवस घर न बघणारा पोलीस घ्या. त्याचं पोरगं गणपती बघायला कुणाबरोबर जातं? ते कुठल्याच बातमीत येत नाही.

हाच स्टेजवरचा प्रश्न स्टार ट्रेकनं १९९४ च्या एका भागात उलटा करून दाखवलाय. भविष्यातून एक माणूस येतो आणि छोट्या अलेक्झांडरला योद्धा बनवायची घाई करतो. शेवटी कळतं की तो स्वतःच मोठा झालेला अलेक्झांडर आहे. तो शांततेच्या मार्गानं गेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत वॉर्फ मारला गेला. म्हणून चाळीस वर्षं मागे येऊन तो लहानपणीच्या स्वतःला तलवार शिकवायला बघतोय, नाहीच जमलं तर मारूनही टाकायला. बाप वारला त्याचा दोष पोरानं आयुष्यभर स्वतःच्या माथी घेतला, मी बाबांसारखा झालो नाही म्हणून. आणि वॉर्फ, तो कर्मठ वॉर्फ, त्याला सांगतो की तू निवडलेली वाट चुकीची नव्हती. कालप्रवास लागतो तो यासाठी. साध्या कौटुंबिक मालिकेत चाळीस वर्षांचं ओझं घेऊन आलेला मुलगा आपल्या तरण्या बापासमोर कसा उभा करणार? विज्ञानकथेत घर आणलं की विज्ञानकथा पातळ होते म्हणणाऱ्यांनी हा भाग परत बघावा.

आता दुसरी बाजू. लेखकांनी या पोराला न्याय दिला का? अजिबात नाही. काही भाग खरंच भुक्कड आहेत. चिखलाच्या टबात बसून चाललेलं ते आनंदशास्त्र कोण सहन करेल! वयाचा तर पार घोळ. वॉर्फ आणि केलेर भेटतात तो भाग १९८९ चा, आणि १९९७ मध्ये "डीप स्पेस नाइन"मध्ये अलेक्झांडर थेट सैनिक म्हणून हजर. मालिकेच्या हिशेबानं पोरगं आठ-नऊ वर्षांचं, आणि अंगापिंडानं वीस! क्लिंगॉन लवकर वाढतात म्हणे. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख बदलतात, तसलाच प्रकार. आणि मधल्या काळात कुठे होता? परत आजी-आजोबांकडे. लेखकांना सुचेना की पाठव पृथ्वीवर. म्हणजे बापानं जे केलं तेच लेखकांनीही केलं.

पण त्या भागात तो येतो कसा बघा. लढाईत अगदीच कच्चा, बोटीवरचे सगळे हसतात, वॉर्फ मध्ये पडून वाचवतो म्हणून आणखी चिडतो. कशाला आला? लढायची आवड म्हणून नाही. बाप जिथे आहे तिथे जायचा तेवढा एकच रस्ता त्याला माहीत आहे. घटोत्कचच हा. फरक इतकाच की इथे बाप शेवटी कबूल करतो, मी तुला लढायला शिकवतो, तू मला बाप व्हायला शिकव. "बॅटलस्टार गॅलॅक्टिका"तल्या अडामाला तेवढंही नशीब नाही. धाकटा मुलगा झॅक वैमानिक व्हायच्या लायकीचा नसताना बापाच्या छायेत विमानात बसला आणि मेला, थोरला ली त्याबद्दल बापाला माफ करायला तयार नाही. जग बुडतंय आणि बाप-लेक हे भांडतायत.

त्याच "डीप स्पेस नाइन"मध्ये दुसरा एक लढवय्या बाप आहे, बेंजामिन सिस्को. बायको युद्धात गेली, मुलगा जेक पदरात. जेक सांगतो, मला सैन्यात नाही यायचं. सिस्को म्हणतो, बरं. संपला विषय! १९९६ च्या एका भागात जेक पत्रकार म्हणून युद्धभूमीवर जातो, बॉम्ब पडायला लागल्यावर घाबरून पळतो, आणि नंतर भीतीपोटीच असं काही करून बसतो की लोक त्याला वीर म्हणतात. मग तो लेख लिहितो आणि त्यात सगळं खरं लिहितो, पळालो ते पण. कप्तान बाप तो लेख वाचतो आणि त्याला पोराचा अभिमान वाटतो. आमच्या धंद्यावर इतकी चांगली गोष्ट टीव्हीवर मी दुसरी बघितलेली नाही.

आणि ही घरची गोष्ट किती खरी असते ते त्या मालिकेच्या शेवटावरून कळावं. १९९९ मध्ये शेवटच्या भागात सिस्को गर्भवती बायकोला सोडून देवतांच्या लोकात जातो असं ठरलं होतं. भूमिका करणारे एव्हरी ब्रूक्स, स्वतः कृष्णवर्णीय, यांनी हरकत घेतली. काळा बाप पोटुशी बायकोला टाकून कायमचा निघून गेला, हे चित्र जायला नको. मग प्रसंग बदलला आणि मी परत येईन असं तो तिला सांगतो असं केलं. सहा-सात वर्षं बाप म्हणून उभा राहिलेला नट शेवटच्या दिवशी भांडला तो लढाईच्या दृश्यासाठी नाही.

वॉर्फ मात्र २०२३ मध्ये "पिकार्ड" मालिकेत पांढऱ्या केसांनी परत आला. हातात तलवार, आवाज तोच. आल्या आल्या स्वतःची ओळख करून देतो. मोगचा मुलगा, मार्टोकच्या घराण्यातला, सर्गेईचा मुलगा, रोझेंकोंच्या घराण्यातला, कुणाकुणाचा काळ वगैरे. जन्मदाता बाप आला, पाळणारा बाप आला, मारलेले शत्रूही आले. अलेक्झांडरचं नाव त्या यादीत नाही. मग म्हणतो, चहा केलाय, साखर घेणार का?