कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

आपण तीन खोल्यांचे घर विकत घ्यावे आणि राहायला गेल्यावर कळावे की, भिंतीआड चौथी खोलीही आहे, पण तिला कुलूप घातलेले आहे. तर आपण काय करू? बहुतेक जण कुलूप उघडून पाहतील. मीही तेच केले. माझे घर म्हणजे संगणकाचा प्रोसेसर होता आणि खोली म्हणजे त्याचा चौथा कोअर.

गोष्ट २०१० सालची. मी तेव्हा याच कमलनगरात विद्यार्थी होतो. घरच्यांनी तूर विकून आलेल्या पैशांतून उदगीरहून मला संगणक जुळवून आणून दिला. प्रोसेसर तीन कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे तीन गाभे असलेला. एका मित्राने सांगितले, "अरे, याच्यात चौथा आहे. मदरबोर्डच्या बायोसमध्ये जा आणि एक सोय चालू कर." मी केली. संगणक पुन्हा सुरू झाला तो चार कोअर दाखवीतच! त्या दिवशी मला जग जिंकल्यासारखे वाटले.

हा चौथा कोअर आला कोठून? ए.एम.डी. कंपनीने २००९ च्या जानेवारीत 'फेनॉम टू' मालिकेतील चार कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. त्याच वर्षी पाठोपाठ तीन कोअरचे व दोन कोअरचेही आले. पण त्यांसाठी वेगळा साचा नव्हता. सिलिकॉनची तीच चार कोअरची चकती, फक्त एक किंवा दोन कोअर बंद केलेले. कारण सरळ आहे. अशा चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म घटक असतात; एखाद्या कोअरमध्ये दोष निघाला म्हणून सगळी चकती फेकणे परवडत नाही. सदोष भाग बंद करून उरलेला माल कमी किमतीत विकणे हा शहाणपणाचाच व्यवहार होय. सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' मधील 'सेल' प्रोसेसरमध्ये आठ साहाय्यक गाभे असत, पण वापरात सातच ठेवले होते.

मात्र यातही एक मेख आहे. आपल्या मोंढ्यावर काय होते ते आठवा. दुसऱ्या प्रतीच्या मालाला गिऱ्हाईक जास्त आले आणि तो माल संपला, तर व्यापारी पहिल्या प्रतीचाच माल दुसऱ्या भावाने देतो. प्रोसेसरचेही तसेच झाले. काही कोअर दोषामुळे बंद होते, तर काही निव्वळ मागणीमुळे. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसत.

काही मदरबोर्डांवर 'अॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन' नावाची सोय होती. ती मुळात प्रोसेसरची गती वाढविताना मदत व्हावी म्हणून दिलेली होती. पण ती चालू केली की बंद कोअरही जागे होतात, असे २००९ मध्ये लोकांच्या ध्यानात आले. पुढच्या चिपसंचातून ती सोय गेली, तेव्हा मदरबोर्ड कंपन्यांनी आपापली युक्ती काढली. असुसने तर 'कोअर अनलॉकर' असे उघड नाव देऊन तिची जाहिरात केली.

आता माझ्या चौथ्या कोअरचे काय झाले, ते सांगतो. महिनाभर सारे सुरळीत चालले. त्या वर्षी वार्षिक अंकाचे टंकलेखन माझ्याच संगणकावर झाले. कन्नड विभागाच्या मित्राने रात्री जागून आपला मजकूर त्यावर उतरविला. मी सगळ्या फायली एकत्र दाबून साठविल्या आणि मूळ फायली पुसल्या. छपाईला देण्याच्या दिवशी ती फाईल उघडेचना. संगणकाने आधी एकही सूचना दिली नव्हती. चौथा कोअर चालत होता, पण मधूनच गणित चुकत होता, हे नंतर चाचणी लावल्यावर कळले. मित्राने हस्तलिखितांवरून सर्व मजकूर पुन्हा टंकलिखित केला. एका विद्यार्थिनीची कविता मात्र मिळाली नाही. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मित्राला मी "वीज गेली होती" असे सांगितले. आपल्याकडे ते कोणालाही पटते. खरे कारण मी आज प्रथमच लिहीत आहे.

म्हणून कुलूप उघडणेच चूक, असे माझे मत आहे काय? मुळीच नाही. विकत घेतलेली वस्तू माझी आहे. ती उघडून पाहण्याचा हक्कही माझा आहे. माझी चूक कुलूप उघडण्यात नव्हती. आत काय आहे हे न तपासता तेथे दुसऱ्याचे सामान ठेवण्यात होती. 'प्राइम ९५' सारखा कार्यक्रम रात्रभर चालविला असता, तर गणित चुकताच त्याने सांगितले असते. 'चालते' आणि 'बरोबर चालते' यांतले अंतर मला तेव्हा कळले नाही.

पण विकणाऱ्यांचीही एक जबाबदारी आहे. कोअर दोषामुळे बंद आहे की बाजारामुळे, हे त्यांनी सांगायला हवे. २०१० मध्ये इंटेलने एका पेंटियम प्रोसेसरमधील काही क्षमता बंद ठेवून, ती उघडण्याचे कार्ड पन्नास डॉलरला विकून पाहिले. आधी कुलूप घालायचे आणि मग किल्ली विकायची! लोकांची नाराजी झाली व पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली. तरीही मला वाटते, तेथे निदान कुलूप कशासाठी आहे हे तरी उघड होते. आता तर बंद भाग सहसा कायमचेच बंद केलेले असतात. किल्लीचा प्रश्नच उरत नाही, आणि कारणही कोणी विचारीत नाही.

प्राध्यापकबंधूंनो, आपण तरी वेगळे काय करतो? गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' असा शिक्का मारतो. मुलाला विषयच समजला नाही, की घरी मराठी, शाळेत कन्नड आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत या ओढाताणीत त्याला उत्तर मांडता आले नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. आणि "प्रत्येकात सुप्त शक्ती असते, जागी करा" अशी भाषणे देणारेही चाचणी न घेताच कळ दाबतात. पहिला वर्ग माणसाला न तपासता बंद करतो, दुसरा न तपासता उघडतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावर कोणी 'तीन कोअर' असा शिक्का मारला, तर कारण विचारा. ते मिळाले नाही, तर खुशाल कुलूप उघडा; पण आधी स्वतःच्या कामावर तपासून पाहा. आणि आपल्या हातून कोणाची कविता हरवलीच, तर विजेला दोष देऊ नका.