जपान : कथेत स्वीकार, कायद्यात नकार

जपानी मांगात समलिंगी प्रेम नवे नाही. मोतो हागिओ यांची ‘थॉमसचे हृदय’ ही मालिका १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र तिचे कथानक जर्मनीतील मुलांच्या वसतिगृहात घडते. प्रेम देखणे, पण परदेशी. गेंगोरो तागामे यांच्या ‘धाकट्या भावाचा नवरा’ने (२०१४-१७) ते जपानी घराच्या उंबरठ्यावर आणले. दिवंगत भावाचा कॅनेडियन पती दारी येतो. लहानगी काना त्याला काका मानून मोकळी होते, तिचा बाप अवघडतो आणि हळूहळू सावरतो.

कायदा अजून अवघडलेलाच आहे. टोकियोतील शिबुया प्रभागाने २०१५ मध्ये जोडीदारीची प्रमाणपत्रे सुरू केली. त्यांतून वारसाहक्क मिळत नाही. साप्पोरो उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये विवाहाचा नकार घटनाबाह्य ठरवला. संसद हललेली नाही. कानाला उमगलेले नाते कुटुंब-नोंदवहीत उतरायचे बाकी आहे.