शिट्टी कोणाच्या हाती?

‘पंचामुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे जुने लोक म्हणत आले. परंतु क्रीडांगणावरील पंचास डोळे दोनच असतात आणि एका क्षणी तो एकाच जागी असतो, याचा प्रेक्षकांना सहसा विसर पडतो. गेली काही वर्षे आम्ही बडोद्यात बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या फुटबॉल सामन्यांत पंचाचे काम करीत आहो. त्या अनुभवावरून बनलेले एक मत येथे मांडतो : शाळेत खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती वर्षातून निदान एकदा पंचाची शिट्टी दिली पाहिजे.

नियम आणि पंच या गोष्टी आपल्या नगरीस नव्या नाहीत. हुतूतू, खोखो हे खेळ पूर्वी गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळले जात. त्यांना नियमबद्ध करण्याच्या कामी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याप्रमाणेच बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचाही वाटा आहे. १९२३ च्या सुमारास येथे अखिल भारतीय सामनेही भरले. फुटबॉलची कथाही बोधप्रद आहे. १८६३ साली इंग्लंडात त्या खेळाचे नियम ठरले, त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. तंटा झालाच, तर तो खेळाडूंनी आपसांत मिटवावा, अशी अपेक्षा असे. पुढे चुरस वाढली, समेट होईना, तेव्हा १८९१ साली निर्णयाचा अधिकार घेऊन पंच प्रत्यक्ष मैदानात उतरला. तात्पर्य, पंच हा खेळाचीच गरज म्हणून आला. तो खेळाडूंचा वैरी कसा?

संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला तरच गोल, असा नियम आहे. वाचावयास किती सोपा! परंतु चेंडू रेषेवरून परतला की चढाई करणारा मुलगा ‘गेला’ म्हणून शपथ घेतो आणि गोलरक्षक ‘नाही’ म्हणून. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. ज्याला जेथून जसे दिसले तसे तो सांगतो. पंचाला मात्र क्षणार्धात निर्णय द्यावा लागतो. मुलांचा राग आम्हांस फारसा जाणवत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की तो ओसरतो. खेद वाटतो तो सीमारेषेबाहेरील वडील मंडळींचा. ‘पंच फितूर आहे’ असे एखादे गृहस्थ ओरडतात, आणि आपला पराभव नेहमी दुसऱ्याच कोणामुळे होतो, हा धडा त्यांचा मुलगा त्या दिवशी घरी घेऊन जातो. एका सामन्यातील पराभवापेक्षा ही हानी फार मोठी आहे.

शिट्टी हाती आली म्हणजे ती केव्हा वाजवू नये हेही कळते. आगळीक झाली, तरी ज्याच्यावर ती झाली त्याच्याच पक्षास चेंडू नेण्याची उत्तम संधी असेल, तर पंचाने खेळ चालू द्यावा, असा नियम आहे. शिक्षा करताना अपराध्याचाच लाभ होऊ नये, हे त्यातील मर्म. घरी व वर्गातही हे तत्त्व उपयोगी पडण्यासारखे आहे.

मुले पक्षपात करतील, चुकतील, असा आक्षेप येईल. त्यावर उपाय आहे. सरावाच्या सामन्यात, दुसऱ्या वर्गांच्या खेळासाठी, वीस मिनिटे पंच नेमावा. शिक्षकांनी जवळ असावे, पण निर्णय फिरवू नये. राहिल्या चुका. २०१८ च्या विश्वचषक स्पर्धेत पंचाच्या साहाय्यास चलच्चित्रे आली. तरीही अखेरचा निर्णय पंचाचाच राहिला आणि वाद मिटले नाहीत ते नाहीतच. मोठ्यांना जे साधले नाही, ते मुलांकडून कसे मागावे?

विद्यार्थिमित्रांनो, ज्याने एकदा वीस मिनिटे शिट्टी सांभाळली, तो पुढच्या सामन्यात पंचाशी हुज्जत घालण्यापूर्वी थोडा थांबेल. पालकांनाही आमची विनंती आहे : सामना पाहावयास अवश्य यावे, आपल्या मुलास मोठ्याने प्रोत्साहन द्यावे, आणि निर्णय विरुद्ध गेला तर तो कसा स्वीकारावा, हे त्याला आपल्या वर्तनाने दाखवावे.