चौकटीतला विवेक

मोबाइलमुळे छायाचित्रण सर्वांना सुलभ झाले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु छायाचित्रे जितकी मुबलक झाली तितकी रचनेची जाण वाढली नाही, आणि जी थोडीबहुत वाढली ती पडद्यावर उमटणाऱ्या दोन उभ्या व दोन आडव्या रेषांपाशी येऊन थांबली, हे खेदाने नमूद करावे लागते. मुख्य विषय या रेषांच्या छेदनबिंदूवर ठेवावा, असा हा तृतीयांशाचा नियम. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात त्याला नाव दिले, तेव्हा त्याच्यापुढे जमीन व आकाश, प्रकाश व छाया यांच्या प्रमाणाचा प्रश्न होता. केवळ मार्गदर्शनार्थ सांगितलेल्या त्या प्रमाणाचा अंमल आज एखाद्या फर्मानासारखा चालतो.

रचनेचे मर्म माझ्या मते निवडीत आहे. समोरच्या पसाऱ्यातून काय घ्यावे, काय वगळावे आणि जे घेतले त्याचा परस्परांशी कोणता संबंध जोडावा, हा निर्णय ज्याने केला त्याचेच चित्र बोलते. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत चित्राची रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत प्रमाण हे केवळ एक अंग असून भाव त्याच्या शेजारीच बसलेला आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

याचा दाखला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मिळतो. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला असलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रात त्याच्या भोवती माणसे, माकडे, मोर आणि खडक यांची दाटी आहे. तथापि त्याची आकृती इतरांहून पुष्कळ मोठी योजल्यामुळे, आणि त्याच्या मानेचा कल व झुकलेल्या पापण्या आपल्या दृष्टीला खाली हातातील कमळाकडे नेत असल्यामुळे, त्या गजबजाटातही त्याची करुणा निर्विघ्नपणे आपल्यापर्यंत पोहोचते.

छायाचित्रणातही न्याय हाच. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागे, कुंपणाच्या फटीतून टिपलेल्या प्रसिद्ध चित्रात पाण्यावरून उडी घेणारा माणूस उजव्या कडेशी आला आहे. धावत्या विषयापुढे मोकळी जागा सोडावी, हा पाठ्यपुस्तकी शिरस्ता येथे मोडला आहे. पण तो मोडल्यामुळेच पुढच्या क्षणी त्याची टाच पाण्यात पडणार, ही जाणीव तीव्र होते. मागील भिंतीवरच्या जाहिरातीतील नर्तकी उलट दिशेने झेपावते आहे आणि खाली निश्चल पाण्यात त्या माणसाचे प्रतिबिंब आहे, अशी एकच उडी तीनदा दिसते. चित्राची कड कापण्याचे सहसा टाळणाऱ्या या छायाचित्रकाराने येथे मात्र मध्ये आलेला कुंपणाचा भाग छाटून टाकला. कारण अनावश्यक ते वगळणे हाही रचनेचाच भाग होय.

याचा अर्थ नियम निरुपयोगी आहेत असा नव्हे; नवशिक्याच्या हाताला त्यांचा आधार अवश्य असावा, मात्र त्यामागील कारण त्याला समजले पाहिजे. आपल्याकडे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा आहे आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या विषयांच्या निमित्ताने हजारो मुलांच्या हाती पेन्सिल येते. चित्रकला शिक्षकांनी त्यांच्या हाती पुठ्ठ्यात कापलेली एक चौकोनी खिडकीही द्यावी. शाळेचे अंगण तिच्यातून पाहताना काय आत घेतले आणि काय बाहेर ठेवले, हे मुलाने सकारण सांगावे, एवढीच तजवीज पुरेशी आहे. तिला खर्च नाही, सरकारी मंजुरीची गरज नाही. ज्यांचे शालेय वय उलटले आहे त्यांनीही कळ दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी आणि जे नको ते निश्चयाने बाहेर ठेवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.