आधी कादंबरी, मग प्रस्तावना

गाजलेली जुनी कादंबरी हातात आली की आपल्यातले बरेच जण आधी प्रस्तावना उघडतात, नाहीतर मोबाइलवर कुणाचा तरी सारांश ऐकतात. कोणती वस्तू कशाचं प्रतीक, नायकाच्या मनात कसलं द्वंद्व, हे पाठ झालं की मग पहिलं पान. शाळेतल्या ‘संदर्भासह स्पष्टीकरणा’ने लावलेली ही सवय मोडा, एवढंच सांगायचं आहे.

दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ घ्या. १८६६ साली ती एका रशियन मासिकातून क्रमशः आली. पहिल्या वाचकांना प्रतीकं समजावून सांगायला कुणीही नव्हतं. पुढच्या अंकाची वाट तेवढी पाहायची होती. तुम्हीही तशीच वाचा. पीटर्सबर्गचा जुलैतला उकाडा, शिक्षण सोडावं लागलेला रास्कोल्निकॉव, आणि वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या म्हातारीचं घर. त्या म्हातारीच्या खुनाचा विचार त्याच्या डोक्यात आहे, आणि तिच्या घरापर्यंतची ७३० पावलं त्याने मोजून ठेवली आहेत.

पिवळा रंग या कादंबरीत सारखा भेटतो. ‘पिवळा म्हणजे रोगट मन’ असं एखादं गाइड सांगेल आणि तुम्ही पुढे सरकाल. थोडं थांबा. त्याच्या खोलीतला भिंतीचा कागद पिवळट, म्हातारीच्या घरचाही पिवळा, आणि त्याला शेवटी सावरणाऱ्या सोन्या नावाच्या मुलीच्या खोलीतलाही तसाच. मारणारा, मरणारी आणि सावरणारी एकाच रंगाच्या भिंतींत राहतात. रंगाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा हे लक्षात येणं मोलाचं.

घोडीचं स्वप्न तर दोनदा वाचा. खुनाआधी रास्कोल्निकॉवला स्वप्नात आपलं लहानपण दिसतं. दारुडा मालक एका मरतुकड्या घोडीला भरल्या गाडीला जुंपतो आणि ती चालेना म्हणून मारमारून तिचा जीव घेतो. लहानगा रास्कोल्निकॉव मेलेल्या घोडीच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो, मग इवल्या मुठी वळून मालकावर धावून जातो. जाग येते तेव्हा तो घामाने भिजलेला असतो; खुनाचा विचार सुटला म्हणून त्याला हलकं वाटतं. पण घरी जाताना तो काही कारण नसताना बाजारातून वळसा घेतो, आणि उद्या संध्याकाळी सातला म्हातारी घरात एकटीच असेल हे त्याच्या कानावर पडतं. त्या स्वप्नात तो कोण? रडणारा मुलगा की मालक? की ती घोडी? मला तिन्ही वाटतात. तुमचं उत्तर तुम्ही शोधा.

मनातला झगडा पात्राच्या भाषणांत कमी सापडतो, त्याच्या हातांकडे बघा. रस्त्यात झिंगलेली एक पोरगी दिसते. तिला घरी पोचवायला तो आपल्याजवळचे पैसे पोलिसाला देतो आणि दुसऱ्याच क्षणी ‘जाऊ दे, मला काय’ म्हणून निघतो. असामान्य माणसाला रक्त सांडायचा हक्क असतो, असा त्याचा सिद्धांत. मात्र म्हातारीची लुटलेली पिशवी तो एका दगडाखाली पुरतो आणि उघडूनही बघत नाही. तिच्यात तीनशे सतरा रुबल आणि वर काही चिल्लर निघते. त्याला ते ठाऊकच नव्हतं, हे तपास करणाऱ्यांना पटत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन-तीन नावांनी हाक मारतात, म्हणून नावांची एक चिठ्ठी पुस्तकात ठेवा. तिच्याच मागे पुन्हा-पुन्हा येणाऱ्या वस्तू टिपा. आणि बोलणं एक, करणं दुसरं, असं दिसलं की पानाचा आकडा लिहा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर कृपा करून समासात गिरगटू नका.

समीक्षक निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. चांगला समीक्षक आपल्या नजरेतून निसटलेलं दाखवतो. पण त्याच्यासमोर बसायचं तर आपलंही काही म्हणणं हवं. तेव्हा शेवटचं पान झाल्यावर प्रस्तावना जरूर वाचा, आणि पटलं नाही तिथे तिच्याशी भांडा.