प्रवेशानंतरची चार वर्षे

काही वर्षांपूर्वी एका कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. डिंडोरी जिल्ह्यातील एका गोंड विद्यार्थ्याला लाखकीटकाच्या जीवनक्रमाविषयी इंग्रजीत तीन प्रश्न विचारले. तो मान खाली घालून उभा राहिला. अनुत्तीर्णतेचा आकडा लिहिण्याच्या बेतात असताना मी सहज हिंदीत विचारले, घरी लाख लावता का? त्यानंतर तो दहा मिनिटे बोलत होता. पळसाच्या फांदीला बीजलाख केव्हा बांधावी, पिवळा ठिपका दिसताच पिल्ले बाहेर पडण्याची वेळ जवळ आली हे कसे ओळखावे, पिल्ले निघून गेल्यावर उरलेल्या काड्या, म्हणजे फुंकी, वेळीच का उतरवाव्यात, हे सारे त्याने सांगितले. काड्या तशाच राहिल्या तर त्यांतील अळ्या नव्या लाखेवर जातात, हे त्याचे उत्तर शत्रुकीटकांविषयीच्या पाठ्यपुस्तकातील विवेचनाशी जुळत होते. त्याला केवळ युब्लेमा हे नाव सांगता आले नाही. त्या दिवशी उणीव माझ्या परीक्षापद्धतीत होती.

मी जबलपूरच्या घमापूर भागात राहतो. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच शहरात आहे. शेजारच्या मंडला व डिंडोरी जिल्ह्यांत, २०११ च्या जनगणनेनुसार, अनुसूचित जमातींची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे ५८ व ६५ टक्के आहे. कोदो, कुटकी आणि लाख यांचे ज्ञान या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथील मुले कृषी पदवीपर्यंत पोहोचली आणि ती पूर्ण करून बाहेर पडली, तर विस्तारकार्याला गावाची भाषा जाणणारे शास्त्रज्ञ मिळतील. म्हणून हा प्रश्न केवळ कल्याणाचा नसून कृषिविज्ञानाच्या हिताचा आहे.

आरक्षणामुळे प्रवेशाचे दार उघडते. परंतु चार वर्षे टिकून राहण्याची व्यवस्था त्यात आपोआप होत नाही. ही अडचण पुष्कळदा लहान रकमेची असते. २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातील रोजंदारी करणाऱ्या कुटुंबातील एका दलित विद्यार्थ्याला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली, पण १७,५०० रुपयांचे शुल्क मुदतीत भरता न आल्याने ती हातची गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. प्रत्येक विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही. आमच्या विषयात तर कीटकजाळे, टाचण्या व संग्रहपेटी यांचा खर्चही शिष्यवृत्ती हाती येण्यापूर्वीच करावा लागतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजवले. राहणे, जेवण आणि सन्मान यांची सोय झाल्याखेरीज शिक्षण पदरात पडत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

आज करण्याजोगे उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पदवीच्या आरंभी असलेल्या 'दीक्षारंभ' उपक्रमातील काही तास पारिभाषिक इंग्रजी, रसायनशास्त्र व गणित यांच्या उजळणीला द्यावेत. प्रात्यक्षिकाचे साहित्य ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे सत्रापुरते उसने मिळावे. शुल्काच्या मुदतीसाठी प्रत्येक महाविद्यालयात परतफेडीचा छोटा निधी असावा. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला हिंदी किंवा मराठीत उत्तर देण्याची मुभा असावी. शास्त्रीय संज्ञा मात्र त्याने शिकलीच पाहिजे. प्रथम सत्रात मागे पडलेल्या विद्यार्थ्याची विचारपूस करण्याचे काम एका ठरावीक प्राध्यापकाकडे असावे.

यामुळे दर्जा खालावेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु येथे उत्तीर्णतेची पातळी कमी करावी, असे कोणी म्हणत नाही. फुंकी न उतरवण्याचे परिणाम ज्याला ठाऊक आहेत, त्याला भाषेच्या अडसरामुळे अनुत्तीर्ण ठरवणे हीच मूल्यमापनातील चूक आहे.

विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांचा वाटाही यात मोठा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बारावीत शिकणाऱ्या मुलांना प्रवेश परीक्षा, जात प्रमाणपत्र व शिष्यवृत्तीचा अर्ज यांची माहिती आपण वेळेवर देऊ शकता. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला शेतावर शिकू द्यावे, सुट्टीत काम दिल्यास रास्त मोबदला द्यावा. येत्या प्रवेशकाळात प्रत्येकाने आपल्या गावातील एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्यावी आणि पहिले सत्र संपल्यावर तिची चौकशीही करावी, एवढी विनंती आहे.